मिओ आणि स्टीव्हस्टन : दोन किनाऱ्यांचा एक इतिहास

स्थलांतराचा विचार करताना आपण बहुधा देशांची नावे घेतो. प्रत्यक्षात माणसे गावातून निघतात आणि गावातच पोहोचतात. म्हणून या घटकात आपण जपानच्या वाकायामा प्रांतातील मिओ या किनाऱ्यावरील एकाच गावाची हकिकत पाहणार आहोत. या गावाला 'अमेरिकामुरा', म्हणजे अमेरिका गाव, असे टोपणनाव पडले. गंमत अशी की, येथील माणसे प्रामुख्याने गेली ती कॅनडात. समुद्रापलीकडचे सारेच तेव्हा 'अमेरिका' होते! नावातील हा घोळ ध्यानात असू द्या.

१८८८ मध्ये मिओचे एक सुतार, कुनो गिहेई, ब्रिटिश कोलंबियातील स्टीव्हस्टन येथे पोहोचले. फ्रेझर नदीच्या मुखाशी सॅमन मासळी अमाप होती आणि ती डबाबंद करणारे कारखाने उभे राहत होते. मिओत शेतीला जमीन थोडी. कुनो यांनी गावकऱ्यांना बोलावून घेतले. मग भाऊ, मेहुणे, शेजारी असे एकामागून एक येत गेले. पुरुष होड्या घेऊन नदीत उतरत, स्त्रिया कारखान्यात मासळी साफ करीत. कित्येकींच्या पाठीशी तान्हे मूल बांधलेले असे. १९०० मध्ये या मच्छीमारांनी स्वतःचे रुग्णालयही उभारले.

इकडे मिओही बदलत होते. परदेशच्या पैशातून पाश्चात्त्य धाटणीची घरे उठली, बोलीत इंग्रजी शब्द मिसळले. कॅनडात जन्मलेली काही मुले शिक्षणासाठी मिओत आजीआजोबांकडे वाढली आणि मोठी होऊन पुन्हा कॅनडात गेली. अशा मुलाचे 'घर' कोणते? पहिल्या पिढीला जपानीत 'इस्सेई' व दुसरीला 'निसेई' म्हणतात; पण या पिढ्यांची नावे त्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

कॅनडाने मात्र आपले उत्तर आधीच ठरवले होते. ब्रिटिश कोलंबियात जपानी वंशाच्या नागरिकांना मतदानाचा हक्क नव्हता. १९२० च्या दशकात त्यांचे मासेमारीचे परवाने मुद्दाम घटवण्यात आले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्यांच्या सुमारे १,२०० होड्या जप्त झाल्या. १९४२ मध्ये किनाऱ्यापासून १०० मैलांच्या पट्ट्यातून जवळजवळ २२,००० जणांना हलवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. पुढे त्यांची घरे, जमिनी संमतीवाचून विकल्या गेल्या. जप्ती सुरक्षेसाठी होती असे क्षणभर मानले, तरी विक्रीचे समर्थन कसे करणार?

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, सुमारे ४,००० जणांना जपानला पाठवले गेले. या कारवाईसाठी वापरलेल्या सरकारी शब्दाचा अर्थ होता 'मायदेशी परत पाठवणी'. त्यांतील अनेकांचा जन्म कॅनडातला. जपान त्यांनी पाहिलेलाही नव्हता. जेथे कधी गेलोच नाही तेथे 'परत' कसे जायचे? मिओच्या टोपणनावातील चूक निरागस होती. या शब्दातील चूक हेतुपूर्वक होती. भाषेच्या अभ्यासकाने हा फरक नेमका टिपला पाहिजे.

किनाऱ्यावर परतण्याची मुभा १ एप्रिल १९४९ रोजी मिळाली. काही कुटुंबे स्टीव्हस्टनला आली, पण होडी व जाळी नव्याने घ्यावी लागली. सरकारने माफी मागितली ती २२ सप्टेंबर १९८८ रोजी. हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २१,००० डॉलर देण्याचे ठरले. तोवर इस्सेईंपैकी बहुतेक जण निवर्तले होते. त्याआधीच, १९८१ मध्ये, जॉय कोगावा यांची 'ओबासान' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. या जपानी शब्दाचा अर्थ मावशी, आत्या किंवा काकू. घरातील वडीलधाऱ्यांचे मौन हा तिचा गाभा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'अमेरिका गाव' आणि 'परत पाठवणी' या दोन शब्दप्रयोगांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. मिओत वाढलेल्या, कॅनडात जन्मलेल्या मुलाच्या दृष्टीने १९४२ मधील स्थलांतराचे वर्णन दहा ओळींत लिहा.