रात्री दोन वाजता कोण असतं?

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी शुश्रूषा केंद्र बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न रात्रपाळीचा विचारा. खोलीला खिडकी आहे का, जेवण कसं असतं, फिरायला अंगण आहे का, हे सगळं त्यानंतर. आईच्या माकडहाडावर पडलेल्या जखमेनं मला हा क्रम शिकवला.

पक्षाघातात आईची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तिला कळायचं सगळं, पण शब्द निघत नसे. रुग्णालयातून घरी आणली तेव्हा नाकातून पोटात नळी, लघवीची पिशवी आणि डायपर. ब्यूरोतून येणाऱ्या बायका थोडे दिवस टिकत, मग फोन बंद. एकट्या माणसाला तिला कुशीवर वळवता येत नसे. दादा नाशिकला, मी पुण्यात, घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. आईवडिलांना केंद्रात ठेवलं म्हणजे टाकलं, असं म्हणणारे आजही भेटतात. अशा आजारपणातली सेवा हे पाळ्या लावून करायचं काम आहे. नोकरी सांभाळणाऱ्या एका मुलीनं किंवा सुनेनं ते एकटीनं उचलावं, ही अपेक्षाच निर्दय आहे. चांगलं केंद्र शोधणं हीसुद्धा सेवाच.

आईला आधी ठेवलं ते केंद्र शहराबाहेर एका बंगल्यात होतं. पुढे बाग, संध्याकाळी भजन. दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो यायचा: आई खुर्चीत, केसांत गजरा, मांडीवर शाल. भेटीची वेळ चार ते सहा अशी ठरलेली होती आणि त्या वेळात चादर नेहमी स्वच्छ असे. मग तिला ताप आला, तो उतरेना, म्हणून रुग्णालयात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासायला तिला कुशीवर केलं, तेव्हा पट्टीखाली हाडापर्यंत गेलेला बेडसोअर निघाला. अशी जखम एका रात्रीत होत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, जिथे हाड कातडीच्या लगत असतं तिथे अंगाचा भार सतत पडला की रक्त पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग फुटते, मग आतलं मांस मरत जातं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, खाली एअर बेड असला तरीही.

केंद्रातली नोंदवही मागून घेतली. दर दोन तासांनी ‘कूस बदलली’ असं त्यात लिहिलेलं होतं, एकाच शाईत, एकाच अक्षरात. आई रुग्णालयात भरती झाली त्या रात्रीच्याही नोंदी होत्या.

त्या केंद्रात २२ जण राहत, त्यांतले १२ पूर्ण अंथरुणावर. रात्री आठ ते सकाळी आठ एकच मावशी. आता हिशेब करून बघा. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचं, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, यात दहा मिनिटं सहज जातात. बारा जणांची १२० मिनिटं झाली, म्हणजे शेवटची खाट आटोपते तेव्हा पहिल्या खाटेची पाळी पुन्हा आलेली असते. यात कुणाची उलटी काढणं नाही, कुणी पडलं तर उचलणं नाही, मावशीचा स्वतःचा घोटभर चहा नाही. शिवाय जड माणसाला एकट्यानं ओढलं की कातडी चादरीवर घासून निघते. वळवायला दोन माणसं लागतात. त्या मावशीवर माझा राग नाही. तिच्यावर टाकलेलं काम कुणाच्याच हातून झालं नसतं.

म्हणून आकडे विचारा आणि गुणाकार तिथेच करा. पूर्ण अंथरुणावरचे किती? रात्री माणसं किती, आणि त्यांत एएनएम किंवा जीएनएम झालेली, परिचर्या परिषदेकडे नोंद असलेली नर्स कोणती? ‘आमचे डॉक्टर ऑन कॉल असतात’ या उत्तरावर थांबू नका. किती वेळात येतात, आले की कुठे लिहितात, रात्री दम लागला तर कोणत्या रुग्णालयात नेतात, बरोबर कोण जातं, आणि तेवढा वेळ बाकीच्यांकडे कोण बघतं, इथपर्यंत जा. चांगल्या केंद्रातली सिस्टर याची उत्तरं अडखळत नाही देत, कारण तिच्यावर ती वेळ आलेली असते.

दुसरं केंद्र शोधताना आम्ही भेटीच्या वेळा पाळल्याच नाहीत. दुपारच्या जेवणाच्या वेळी जावं, पाळी बदलते तेव्हा जावं, रविवारी जावं. वेळेबाहेर आत सोडायला सबबी सांगणाऱ्या जागा आम्ही तिथेच सोडून दिल्या. जेवणाच्या वेळी बघण्यासारखं खूप असतं. भरवताना किंवा नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू निदान ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतर अर्धा तास तरी तशीच ठेवायला हवी. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. भरवणारी बाई घास गिळून होईपर्यंत थांबते का, की पुढचा चमचा ओठाशी टेकलेलाच असतो, ते पाहा. कवळी तोंडात आहे की डबीत? चष्मा डोळ्यांवर आहे की उशाशी? पाण्याचा पेला कुठे आहे? पहिल्या केंद्रात आईचा पेला उजवीकडच्या टेबलावर ठेवलेला असे. नळी काढल्यानंतर तिला घोट घोट पाणी घेता येत होतं, पण तिचा उजवा हात हलत नव्हता. डाव्या हाताला पेला असता तर तिनं तो स्वतः ओढून घेतला असता.

सगळ्यात बोलक्या माणसाशी ओळख करून दिली जाते. त्यांच्याशी बोला, पण नजर सगळ्यात गप्प माणसावर ठेवा. त्याची जीभ कोरडी आहे का, नखं वाढलीत का, दाढी केव्हाची आहे, लघवीची पिशवी जमिनीवर लोळते आहे का. घरभर मुरलेला लघवीचा वास वाईटच, पण डोळ्यांत पाणी आणणारा फिनेलचा वासही मला नको वाटतो.

संध्याकाळी सातलाच सगळा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला तर औषधांची यादी बघायला मागा. स्मृतिभ्रंशाची माणसं रात्री ओरडतात, उठून चालू लागतात. कमी माणसांत त्यांना सांभाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे गोळी. यांतल्या काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला आहे. नवी गोळी सुरू करण्याआधी घरच्यांना कळवायचं आणि कागदावर डॉक्टरांची सही हवी, हे भरतीच्या दिवशीच लिहून घ्या.

ज्या केंद्रात आई नंतर राहिली, तिथली फरशी जुनी, भिंतींचे पोपडे निघालेले, बाग नाही. पण रात्री प्रत्येक मजल्यावर दोन माणसं. आणि त्यांची वही! वेगवेगळी अक्षरं, खाडाखोड, आणि मधेच अशा नोंदी: ‘डाव्या टाचेवर लाली, उशी दिली, सिस्टरना सांगितलं.’ ‘रात्रीचं जेवण अर्धंच घेतलं.’ ‘बाथरूममध्ये पाय घसरला, लागलं नाही, मुलाला फोन केला.’ ही वही वाचून मी निर्णय घेतला. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरात रोज काही ना काही बिघडतंच. ते जिथे लिहिलं जातं तिथे ते कुणीतरी पाहिलेलं असतं. महिनाभराच्या वहीत एकही पडणं नाही, एकही लाली नाही, कुणी एक वेळ जेवण टाकलेलं नाही, अशी वही दिसली तर तिथून निघावं. दुसऱ्याच्या नोंदी दाखवायला कुणी नकार दिला तर तोही बरोबरच आहे; नाव झाकून एक पान दाखवा म्हणावं.

कागदपत्रांत नोंदणी कशाची आहे ते वाचा. काही केंद्रं केवळ न्यास किंवा कंपनी म्हणून नोंदलेली असतात. रुग्णांवर उपचार होत असतील तर १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली स्थानिक आरोग्य यंत्रणेकडे नोंद आहे का, ते विचारा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तिथे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. करारात अनामत परत कधी मिळणार, डायपर-औषधं वेगळी का, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे पैसे घेणार का, एवढं स्पष्ट करून घ्या.

भरतीच्या दिवशी सिस्टरबरोबर उभं राहून डोक्यापासून टाचेपर्यंत अंग तपासा आणि जे दिसेल त्यावर दोघांच्या सह्या घ्या. वजन करून घ्या आणि दर महिन्याला करायला लावा. आई पहिल्या केंद्रात गेली तेव्हा ५२ किलो होती, रुग्णालयात भरली ४५. मधल्या काळात तिला कुणी काट्यावर ठेवलंच नव्हतं. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांनी कारण शोधायलाच हवं. ५२ किलोच्या बाईत ते महिन्याला अडीच-पावणेतीन किलो होतं, आणि साडीत किंवा गाऊनमध्ये तेवढं डोळ्यांना कळत नाही.

भेटायला गेलात की चादर वर करा. संकोच वाटतो, विशेषतः वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या बाबतीत. तेव्हा सिस्टरला करायला सांगा आणि तुम्ही बघा. टाचा, खुबे, माकडहाड, डोक्याची मागची बाजू. लाल दिसलं तर बोटानं दाबा. दाबल्यावर जागा पांढुरकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. लाली हललीच नाही तर बेडसोअरची ती पहिली पायरी आहे आणि त्याच दिवशी भार काढला तर अजून भरून येते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का.

तक्रार केली तर राग आईवर निघेल, ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे आणि ती खोटी नाही. मावशींशी माणुसकीनं वागा, त्यांना नावानं हाक मारा, पण तक्रार मात्र व्यवस्थापकांकडे आणि लेखी द्या, तारीख घालून, पोच घेऊन. दोन आठवड्यांत वागण्यात फरक दिसला नाही, किंवा आई तुम्हाला बघून हात सोडेनाशी झाली, तर जागा बदला. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे तारीखवार कागद आणि फोटोच कामाला येतात.

मुलं परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतील तर गावातल्या एका माणसाला, मावसबहीण असो की शेजारी, लेखी अधिकार द्या: केव्हाही आत जाण्याचा, वही बघण्याचा, चादर उचलण्याचा. व्हिडिओ कॉल कूस बदलण्याच्या वेळी लावायला सांगा, आणि चेहरा बघून झाला की टाचा दाखवायला सांगा.