लहान होडीतून गरवण्यासाठी काठी व रीळ : थोड्या पैशांत योग्य निवड



मासळीची आवड आपण कोकणातूनच बरोबर आणली. अश्दोद, अश्केलोन, हैफा अशा किनाऱ्यावरच्या गावी राहणाऱ्या आपल्या कित्येकांना सुट्टीच्या दिवशी समुद्र खुणावतो. कोणी चौघे मिळून लहान होडी घेतात, कोणी कयाक घेतो, तर कोणी इथल्या पद्धतीच्या सपाट हसाकेवरच भागवतो. पण सामान घ्यायला दुकानात गेले की गोंधळ उडतो. इथे काठीला ‘खका’ व रिळाला ‘रोलर’ म्हणतात, एवढे कळले तरी शंभर काठ्यांतून कोणती घ्यावी हे कळत नाही. मग सर्वांत मोठी काठी किंवा सर्वांत स्वस्त जोडी घरी येते आणि दोन्ही वेळा पैसा वाया जातो. म्हणून ह्या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करू.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. काठी, रीळ व दोरी ह्या तीन सुट्या वस्तू समजू नयेत, ती एकच जोडणी आहे. आणि पैसा द्यायचा तो आकाराला नव्हे, तर चांगल्या ड्रॅगला व ताज्या दोरीला.

१. आधी मासा ठरवा

दक्षिण किनाऱ्यावर तळ बहुतेक वाळूचा आहे, मधूनमधून कुरकार खडकाच्या रांगा आहेत. लहान होडी सहसा २० ते ४० मीटर पाण्यात काम करते. खडकाजवळ लुकुस व दनीस मिळतात. वरच्या पाण्यात तूनीतचे थवे येतात. शिवाय आपल्या ओळखीची सुरमईही इथे आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, तेव्हापासून तांबड्या समुद्रातील अनेक जाती त्या वाटेने भूमध्य समुद्रात आल्या, त्यांतलीच ही एक. एक ते सात-आठ किलोंच्या ह्या माशांसाठी मध्यम जोडणी पुरते. राक्षसी माशासाठीचे जड सामान घेतले तर हात दुखतात आणि लहान माशाचा चावा हातास लागत नाही.

२. काठी

किनाऱ्यावरून दूर फेकण्यासाठी चार मीटरची काठी लागते. होडीत तीच काठी अडचण होते, कारण सोबत्याच्या डोक्यावरून ती फिरवता येत नाही आणि मासा होडीच्या कडेला आणता येत नाही. होडीसाठी १.८ ते २.१ मीटर पुरे. कार्बनची काठी हलकी असते व चावा चांगला कळवते, पण होडीच्या काठावर आपटली तर तडकू शकते. फायबर ग्लासची काठी जड, पण स्वस्त व दणकट असते. नवशिक्याने फायबर ग्लास किंवा दोहोंच्या मिश्रणाची घ्यावी. काठीवर दोरीची ताकद लिहिलेली असते, ती ७ ते १४ किलोंच्या दरम्यान असावी. विकत घेण्यापूर्वी प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, ती दोरी कापील.

३. रीळ

पहिले रीळ उभ्या फिरकीचे, म्हणजे ज्याला स्पिनिंग म्हणतात ते घ्यावे. फेकणे, तळाशी सोडणे, जिग हलवणे ही सर्व कामे ते करते. आडव्या चाकाचे रीळ होडीमागे आमिष ओढण्यास उत्तम, पण ते दुसरी खरेदी म्हणून ठेवावे. आकार ५००० ते ६००० चालेल. मात्र हे आकडे प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, म्हणून चाकावर ०.४० मि.मी. जाडीची निदान २०० मीटर दोरी मावते की नाही हे पाहावे. बेअरिंग किती आहेत ह्या जाहिरातीस भुलू नये. दहा हलक्या बेअरिंगांपेक्षा चार चांगली बरी.

४. दोरी

साधी तंगूस स्वस्त असते, ताणली जाते व नवशिक्याची चूक पोटात घालते. ०.४० मि.मी. तंगूस साधारण ९-१० किलोंची असते. विणलेली ब्रेडेड दोरी बारीक व न ताणणारी, म्हणून खोल पाण्यात चावा लगेच कळतो. पण ती महाग असते आणि चाकावर घसरते, म्हणून आधी काही मीटर तंगूस गुंडाळून मग ती भरावी. टोकाला दीड-दोन मीटर जाड तंगूस बांधावी. सुरमईचे दात तीक्ष्ण असतात, तिच्यासाठी शेवटी वीतभर तार लावावी.

५. ड्रॅग

मासा जोराने ओढू लागला की चाक घसरून दोरी सुटावी, ह्यासाठी ड्रॅग असतो. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका लावावा, म्हणजे ९ किलोंच्या दोरीला सव्वादोन ते तीन किलो. अंदाज नको. दोरी कड्यांतून ओवून तिला घरचा ताणकाटा बांधा, काठी तिरपी धरा आणि सोबत्याला ओढायला सांगा. दोरी झटक्याशिवाय, एकसारखी सुटली पाहिजे. दोरी जसजशी बाहेर जाते तसतसे चाक लहान होते व ओढ आपोआप वाढते, म्हणून मासा पळत असताना ड्रॅग आवळू नये. कयाकवर तर आवळलेला ड्रॅग माणसालाच पाण्यात लोटू शकतो. जीवनरक्षक जाकीट अंगावर हवेच आणि काठीला दोरीचा गळपट्टा हवा.

६. पैशांची वाटणी

जो काही पैसा असेल त्याचा अर्धा रिळावर, तिसरा हिस्सा काठीवर व उरलेला दोरी, गळ व शिसे ह्यांवर घालावा. जुने रीळ घेताना दांडा फिरवून खरखर ऐकावी, दोरीखालच्या चाकावर गंज पाहावा आणि दोरी जिथून वळते ती लहान फिरकी मोकळी फिरते का ते तपासावे. दोरी मात्र नेहमी नवी घ्यावी.

७. निगा

परत आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. जोराची धार मारू नये, तिने मीठ आत जाते. पुसून ड्रॅग सैल करावा व फिरकीवर तेलाचा एक थेंब सोडावा. एवढ्याने साधे रीळही वर्षानुवर्षे टिकते.

शेवटी एक इशारा. अलीकडच्या वर्षांत इथे विषारी केंड मासा, ज्याला ‘नफूखित’ म्हणतात, पुष्कळ झाला आहे. तो दातांनी दोरी कापतो, आणि त्याचे विष शिजवूनही जात नाही. २००५ ते २००८ ह्या काळात इस्राएलमध्ये तो खाऊन १३ जणांना विषबाधा झाली. पंख व खवले पाहून मासा घेण्याची आपली जुनी सवय इथे जीव वाचवते. ओळख न पटलेला मासा घरी आणू नये. मासेमारीचे चालू नियम व बंदीचे महिने निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

योग्य जोडणी घ्या, हवा पाहून निघा, आणि सर्वजण सुखरूप परत या.