पहिल्या विटेआधीचा खर्च

चि. सोनूस,


तुम्ही आठ कुटुंबं मिळून मुळशीकडे घरं बांधणार, एक स्वयंपाकघर सामाईक ठेवणार, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेला हिशेब दोनदा वाचला. जमीन आहे, बांधकाम आहे, सोलरही आहे. पहिली वीट बसेपर्यंतचा काळ मात्र त्यात नाही, आणि पैसा जिरतो तो तिथेच.

सातबारा शेतीचा असेल तर १९४८च्या कुळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘एकाच्या नावावर घेऊन टाकू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. बिगरशेती (एनए) झालेलीच बघा. मालकीचा तीस वर्षांचा सर्च, सरकारी मोजणी, वकील, आर्किटेक्ट हे सगळं आधी द्यावं लागतं. सौदा स्वस्तात जमला तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवर बसू शकतं. शिवाय तोवर भाडं आणि कर्जाचा हप्ता, दोन्ही चालू.

खरी काळजी मला वेगळीच आहे. १९९४ साली आम्ही सहा कुटुंबांनी असंच ठरवलं होतं. दुसऱ्या वर्षी दोघं बाहेर पडले. एकाची बदली झाली, एकाचे वडील अंथरुणाला खिळले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण पैसे जमिनीत अडकलेले. मी पाटल्या गहाण ठेवल्या, तुझ्या काकांनी एफडी मोडली. तरी एकाला पूर्ण रक्कम द्यायला तीन वर्षं लागली आणि तोवर जाणं-येणं थांबलं होतं. बाहेर पडणाऱ्याला किती, कधी, कुणी द्यायचं, हे आम्ही लिहूनच ठेवलं नव्हतं. म्हणून इसार देण्याआधी करारनामा करा. सुरुवातीच्या खर्चासाठी परत न मिळणारी वर्गणी काढा. आणि एका कुटुंबाच्या वाट्याएवढी गंगाजळी वेगळी ठेवा.

पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती सामाईक जागेला, कारण ती कुणा एकाची नसते. तुमचं स्वयंपाकघर पहिल्या टप्प्यातच बांधा. राहायला गेल्यावरचंही आताच धर: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. चाळीस लाखांच्या घराला चाळीस हजार झाले.

रविवारी जेवायलाच ये. आमचा जुना जमाखर्च ट्रंकेतून काढून ठेवते. आणि बाहेर पडण्याची गोष्ट बैठकीत तूच काढ, सगळे खुशीत आहेत तोवर.

तुझी,
आत्या