दोन दुकाने, एक हिशेब : 'वगळा-यादी' नीट लिहा

समजा, आपले कापडाचे दुकान शिरूरच्या बाजारपेठेत आहे आणि शाखा दौंडला. बिलांच्या नकला रोज माणसाबरोबर पाठविण्याऐवजी दोन्हीकडच्या संगणकांवर एक सामाईक फोल्डर ठेवता येतो. यासाठी सिंकथिंग हा मोफत प्रोग्राम २०१३ पासून उपलब्ध आहे. त्यात फाईल कोणा मध्यस्थाकडे साठून राहत नाही, म्हणून दोन्ही संगणक काही वेळ तरी एकाच वेळी चालू असावे लागतात.

परंतु प्रत्येक फाईल पलीकडे जावी असे नसते. थानांचे शेकडो फोटो, कच्ची बिले, शिरूरच्या उधारीची वही दौंडला नको असते. अशा फाईलींची नावे वगळा-यादीत, एका ओळीत एक याप्रमाणे लिहितात. व्यापारी बंधूंनी तीन नियम ध्यानात ठेवावेत.

१) यादी ज्याची त्याची. सामाईक फोल्डरमध्ये असूनही यादीची फाईल पलीकडे जात नाही. शिरूरच्या यादीचा अंमल शिरूरच्या संगणकापुरताच. तेथे वगळलेली फाईल शिरूर पाठवीत नाही आणि दौंडहून घेतही नाही. पण कर सल्लागाराचा तिसरा संगणक जोडलेला असेल, तर दौंडकडील प्रत त्याच्याकडे जातच राहील. सर्वत्र वगळायची असेल तर प्रत्येक संगणकावर तीच ओळ लिहावी.

२) वगळणे म्हणजे पुसणे नव्हे. आधी गेलेली प्रत दौंडला तशीच राहते. दरपत्रक चुकून यादीत गेले, तर शिरूरला भाव बदलला तरी दौंडचा नोकर जुन्याच भावाने माल विकेल. उधारीची वही आधीच गेली असेल, तर नंतर यादीत घालून ती गुप्त होत नाही. दौंडची प्रत हाताने काढावी लागते.

३) वरची ओळ आधी. यादी वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ प्रथम जुळते तीच चालते. 'फोटो*' म्हणजे फोटो या शब्दाने सुरू होणारी सर्व नावे. ओळीच्या आरंभी उद्गारचिन्ह दिले की ती सवलत होते. गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने मात्र जावेत असे वाटत असेल, तर असे लिहा :

!फोटो-नमुना*
फोटो*

या ओळी उलट लिहिल्या तर नमुनेही अडकतील.

आणखी एक गोष्ट. सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका दुकानी पुसलेली फाईल दुसऱ्या दुकानीही पुसली जाते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. बिले चुकून यादीत अडकली, तर दुसरी प्रत कोठेच नसेल. म्हणून यादी बदलल्यावर एक बिल आणि एक वगळायची फाईल ठेवून दोन्हीकडे पाहावे, आणि दर महिन्याला बिलांची वेगळी प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.