पाण्याची खोली : डोळ्यांवर भरवसा नको

काठावरून भाल्याने मासा टिपणारा, मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो आणि मासा वर उचललेला भासतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, त्यामुळे सरळ वरून पाहिल्यास ४ फूट खोली ३ फूटच वाटते. तिरके पाहिल्यास त्याहून कमी.

पोहणाऱ्यालाही हाच नियम फसवतो. काशीच्या संकठा घाटावर हिवाळ्यात पाणी निवळते, तेव्हा बुडालेली पायरी जवळ वाटते. पावसाळ्यात गाळामुळे ती दिसतच नाही.

भाद्रपदात आम्ही तिघे मित्र तिथे पोहायला गेलो. उतरण्यापूर्वी पाण्याच्या कडेला, पायरीवर विटेच्या तुकड्याने रेघ ओढली. अर्ध्या तासात रेघ बुडाली. वाराणसीची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, पाणी तिच्या बरेच खाली होते, पण चढत होते. बांबूने चाचपले, तर तिसऱ्या पायरीपुढे तळ लागेना. एक मित्र म्हणाला, "आज नको." आम्ही दोघांनी वाद घातला नाही. कपडे न भिजवता परतलो.

छात्रांनो, पाणी किती आहे एवढेच पाहू नका. ते चढते की उतरते, हेही पाहा. खोली बांबूने मोजा. आणि सोबत्यांपैकी एकाचाही नकार आला, तर तो सर्वांचा माना.