परमुलखातली टाळेबंदी आणि तब्येत

साथ आली की आपण जंतूला भितो आणि ते योग्यच आहे. परंतु घरापासून दूर एका खोलीत महिना-दीड महिना अडकलेल्या माणसाची तब्येत जंतू अंगात न शिरताही बिघडते. औषधे संपतात, झोप उलटीपालटी होते, चालणे थांबते आणि मन खचते. मैंदर्गीसारख्या लहान गावातूनही मुले पुणे-मुंबईला, हैदराबादला, काही तर थेट आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेली आहेत. म्हणून आज या विषयाची माहिती घेऊ.

मार्च २०२० मध्ये भारतात येणारी प्रवासी विमाने बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दुबईत ४ एप्रिलपासून रात्रंदिवस संचारबंदी होती व घराबाहेर पडायला परवाना लागे. परदेशी अडकलेल्यांना आणणारी सरकारी विमाने ७ मेपासून सुरू झाली. मधले दिवस प्रत्येकाने होते तिथेच काढले.

त्या एप्रिलमध्ये माझ्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांनी दुबईतल्या मुलाचा फोन मला लावून दिला. मुलगा चाळिशीचा, मधुमेही, दोन वेळा इन्सुलिन घेणारा. वर्षाची सुट्टी मिळाली की तो गावाकडूनच औषधे नेत असे. त्या वर्षी येणे राहिले आणि इन्सुलिनची एकच बाटली उरली. ती पुरावी म्हणून त्याने आपल्या मनानेच डोस निम्मा केला होता. तहान वाढलेली, रात्री चार-पाच वेळा लघवी, अंगात त्राण नाही. घरी मात्र 'बरा आहे' एवढेच सांगत होता.

इन्सुलिन असे तोडले तर रक्तात आम्ल वाढते. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि गुंगी ही त्याची लक्षणे असून तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. सुदैवाने तो तिथवर पोचला नव्हता. तिकडे औषधाची दुकाने उघडी होती. अडचण निराळीच होती. त्याच्याजवळच्या चिठ्ठीवर फक्त आपल्याकडच्या कंपनीचे नाव होते आणि दुकानदाराला त्यावरून काही उमगेना. मी औषधाचे मूळ नाव व युनिट लिहून पाठवले. ते दाखवून त्याने तिथल्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घेतली.

एक महत्त्वाचा धडा : आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. परदेशात सहसा १०० युनिटची मिळते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले तर अडीचपट डोस जातो. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. बाटली बदलली की सिरिंजही त्याच मापाची घ्यावी. त्या मुलाला मी हे दोनदा म्हणून दाखवायला लावले.

आता सर्वांसाठी काही नियम.

औषधे : रक्तदाब, मधुमेह, फिट, थायरॉइड यांच्या गोळ्या एकाएकी थांबवू नयेत. परगावी राहणाऱ्याने निदान महिनाभराची जास्तीची औषधे जवळ ठेवावीत. चिठ्ठीवर मूळ नाव, प्रमाण आणि आजाराचे नाव असावे. तिची एक प्रत घरच्यांकडे द्यावी. आखाती देशांत ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांवर कडक निर्बंध आहेत. ती चौकशी न करता नेऊ नयेत.

आहार : आपल्याकडून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी अडचणीच्या दिवसांत फार उपयोगी. मात्र लोणचे, पापड, चिवडा यांवरच दिवस काढल्यास मीठ वाढते व रक्तदाब चढतो. डाळ, मोड आलेली कडधान्ये, मिळेल ती भाजी रोज पोटात जावी.

हालचाल व झोप : खोलीतल्या खोलीत दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे चालावे. तासन् तास बसल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो. काम नसले तरी उठण्याची वेळ बदलू नये. बातम्या दिवसातून दोनदाच पाहाव्यात, झोपताना नकोतच.

एका खोलीत अनेकजण : एकाला ताप-खोकला आला तर खिडकी उघडी ठेवावी, त्याची पथारी खिडकीजवळ व इतरांपासून दूर असावी, सर्वांनी मास्क लावावा. धाप लागणे, छातीत दडपण, ओठ निळसर होणे, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये.

मन : घरच्यांनी फोनची वेळ ठरवून घ्यावी. दुबईचे घड्याळ आपल्या मागे दीड तास चालते, हे ध्यानात ठेवावे. 'जेवलास का?' याचे उत्तर 'हो' असेच येते. त्याऐवजी 'आज काय शिजवलंस? रात्री किती वेळा उठलास? गोळ्या किती उरल्या?' असे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, बोलणे कमी झाले असेल तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. भारतात असणाऱ्यांसाठी १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा २०२२ पासून आहे. तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्या माणसाला एकटे सोडू नये. तो परदेशी असेल तर खोलीतल्या सोबत्यांना लगेच कळवावे.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. पण तुमचा मुलगा किंवा मुलगी सुट्टी संपवून पुन्हा निघेल तो दिवस ठरलेला असतो. त्याच्या आदल्या दिवशी चटणीच्या डब्याबरोबर औषधाची चिठ्ठीही एकदा उघडून वाचा.