भूगर्भातील कार्बन साठवण : निरीक्षणाचा खर्च आणि शेतीसाठी धडा

कारखान्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा करून तो खोल खडकांत कायमचा बंदिस्त करणे, हा हवामानबदल रोखण्याच्या उपायांपैकी एक मानला जातो. वायू जमिनीखाली सोडणे हे या कामाचे एक अंग होय; तो तेथेच राहिला आहे याची वर्षानुवर्षे खातरजमा करणे हे दुसरे. या खातरजमेस किती खर्च येतो आणि तो कशाने वाढतो वा घटतो, हे समजून घेणे विस्तार कार्यकर्त्यांनाही उपयुक्त आहे. अनेक ठिकाणी अशा साठ्यांच्या वर शेतजमीन असते. शिवाय मातीतील सेंद्रिय कर्बाच्या मोजणीतही हाच प्रश्न उभा राहतो.

साठवण कशी होते?

उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लाइपनर वायुक्षेत्रात १९९६ पासून ही साठवण सुरू झाली. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातील तेल व वायू उत्पादनावर कार्बन कर लागू केला होता, ही त्यामागील मोठी प्रेरणा. तेथे वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत वायू समुद्रतळाखाली ८०० ते १,००० मीटर खोलीवरील सच्छिद्र वालुकाश्मात सोडला गेला. एवढ्या खोलीवरील दाबामुळे वायू घट्ट होऊन पृष्ठभागावरील आकारमानाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी जागा व्यापतो. वरचा अभेद्य खडक झाकणाचे काम करतो. गळतीचा धोका मुख्यतः जुन्या विहिरी आणि खडकांतील भेगा यांतून संभवतो.

खर्चाचे घटक

१. भूकंपीय सर्वेक्षण : कृत्रिम लहरी जमिनीत पाठवून वायूचा विस्तार पाहिला जातो. हा सर्वांत महागड्या घटकांपैकी एक असल्याने तो दर काही वर्षांनीच केला जातो.

२. निरीक्षण विहिरी : यांतून दाब, तापमान व पाण्याचे नमुने मिळतात. मात्र प्रत्येक विहीर हे झाकणाला पडलेले एक छिद्रही असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डिकेटर येथे मक्यापासून इथेनॉल बनवताना निघणारा वायू साठवला जातो. तेथे एका निरीक्षण विहिरीचा भाग गंजल्याने द्रव ठरलेल्या थराबाहेर गेल्याचे प्रकरण २०२४ मध्ये चर्चेत आले. म्हणजेच निरीक्षणाची साधने वाढवली की सुरक्षितता त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही.

३. उपग्रह निरीक्षण : अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ ते २०११ या काळात वायू सोडला गेला. तेथील जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे उपग्रहावरील रडारने टिपले. उघड्या वाळवंटात ही पद्धत स्वस्त ठरते. दाट पिकांच्या प्रदेशात तिला मर्यादा येतात.

४. माती, वनस्पती व भूजल तपासणी : अमेरिकेतील मोंटाना राज्यात बोझमन येथे २००७ पासून जमिनीखाली सुमारे दोन मीटरवर आडवी नळी टाकून मुद्दाम वायू सोडण्याचे प्रयोग झाले. वायू वर येणाऱ्या जागी वनस्पतींवर पडलेला ताण वर्णपटीय छायाचित्रांत ओळखता आला.

हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २००५ मधील विशेष अहवालात निरीक्षणाचा खर्च प्रतिटन ०.१ ते ०.३ डॉलर, तर भूगर्भीय साठवणीचा खर्च प्रतिटन ०.५ ते ८ डॉलर असा अंदाज दिला आहे. वर्षाला १० लाख टन साठवणाऱ्या प्रकल्पासाठी हा निरीक्षण खर्च १ ते ३ लाख डॉलर होतो. परंतु सर्वेक्षण आणि विहिरी यांचा खर्च टनांच्या प्रमाणात घटत नाही. साठा लहान असेल, तर प्रतिटन बोजा झपाट्याने वाढतो.

कालावधी हाही खर्चच आहे. अमेरिकेच्या २०१० च्या नियमानुसार वायू सोडणे थांबल्यानंतर सर्वसाधारणपणे ५० वर्षे देखरेख अपेक्षित आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यानंतर जबाबदारी शासनाकडे जाण्यापूर्वी साधारणतः किमान २० वर्षे जावी लागतात. उत्पन्न थांबल्यावरही खर्च सुरूच राहतो.

वेबर्नची तक्रार आणि स्वस्त मोजणी

कॅनडातील सास्काचेवान प्रांतातील वेबर्न तेलक्षेत्रात २००० पासून वायू सोडला जात आहे. २०११ च्या जानेवारीत तेथील एका शेतकरी कुटुंबाने आपल्या जमिनीतून वायू झिरपत असल्याची तक्रार जाहीर केली. मातीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खरोखरच जास्त होते. पण तो आला कोठून?

मुळे, जिवाणू, बुरशी, गांडुळे आणि कीटक श्वसन करतात. त्यामुळे मातीतील हवेत हा वायू वातावरणाच्या अनेक पटींनी असतो. मक्याच्या मुळांवर उपजीविका करणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्या याच वायूच्या मागाने मुळांपर्यंत पोहोचतात. हे प्रमाण ऋतू, ओलावा व तापमानानुसार बदलते. म्हणून केवळ वायूची पातळी पाहून गळती ठरवता येत नाही आणि पूर्वनोंदींसाठी वर्षानुवर्षे मोजणी करावी लागते.

टेक्सास विद्यापीठातील कॅथरीन रोमानॅक व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत वायूंचे परस्पर प्रमाण पाहिले जाते. कोरड्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के व नायट्रोजन ७८ टक्के असतो. श्वसनात जेवढा ऑक्सिजन वापरला जातो, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड ८ टक्के असल्यास ऑक्सिजन १३ टक्क्यांच्या आसपास असतो. बेरीज २१ राहते. खोलवरून वायू शिरल्यास मात्र तो सगळीच हवा बाजूला सारतो. अशा १० टक्के वायूने नायट्रोजन सुमारे ७० टक्क्यांवर येतो, ऑक्सिजन १९ टक्क्यांजवळ राहतो आणि पहिली बेरीज २९ होते. चुनखडीयुक्त जमिनीत काही वायू पाण्यात विरघळून बेरीज २१ पेक्षा कमी भरते.

वेबर्नच्या शेतात ही पद्धतही वापरली गेली. वर्षअखेरीस स्वतंत्र तपासणीतून तो वायू मातीतील जैविक क्रियांचा असल्याचे निष्पन्न झाले. योग्य प्रश्न विचारणारी एक मोजणी अनेक वर्षांच्या मोजण्यांचे काम हलके करू शकते, हे येथे दिसून आले.

सेंद्रिय कर्बासाठी धडा

कीड व्यवस्थापनात प्रत्येक कीटक मोजला जात नाही. आर्थिक नुकसान संकेत पातळी ओलांडली का, एवढेच पाहिले जाते. कर्बाच्या मोजणीतही आधी निर्णय ठरवावा, मग मोजणी.

एका हेक्टरवरील ३० सेंमी थराचे वजन, स्थूल घनता १.३ धरल्यास, ३,९०० टन होते. सेंद्रिय कर्ब ०.५० वरून ०.५२ टक्के झाला, तर वाढ ०.७८ टन कर्बाची, म्हणजे सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइडची. परंतु एकाच शेतातील दोन नमुन्यांत ०.०२ टक्क्यांहून अधिक फरक सहज आढळतो. ही वाढ खात्रीने सिद्ध करण्यास पुष्कळ नमुने लागतात आणि लहान क्षेत्रावर त्यांचा खर्च कर्बाच्या मोबदल्याहून अधिक होऊ शकतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

कार्बन क्रेडिटच्या करारापूर्वी शेतकऱ्यांनी पुढील बाबी लेखी स्पष्ट करून घ्याव्यात :

- मोजणीचा खर्च कोण करणार आणि तो मोबदल्यातून वजा होणार का?
- देखरेख किती वर्षे चालणार आणि त्या काळात जमीन विकल्यास किंवा पीकपद्धती बदलल्यास काय?
- नमुने त्याच ठिकाणी, त्याच खोलीवर व त्याच हंगामात घेतले जाणार का? स्थूल घनता मोजली जाणार का?
- लगतच्या शेतकऱ्यांचा गट करून नमुन्यांचा खर्च विभागता येईल का?

सेंद्रिय खत, आच्छादन व पीक अवशेषांचा फेरवापर यांचा लाभ जमिनीची जलधारणशक्ती व सुपीकता यांतून मिळतो. त्यासाठी महागड्या मोजणीची गरज नाही. क्रेडिटचे उत्पन्न ही त्यावरील भर समजावी आणि निरीक्षणाचा खर्च वजा करूनच तिचा हिशेब मांडावा.